डावा कौल

आंबेखोलचा भिकाजी गुरव देवळातून घरी यायला निघाला की वाटेवरच्या एकाही देवाला चुकवत नसे. वडाखालचा देवचार, पाणंदीच्या तोंडाशी असलेली सतीची शिळा, कुणी कधीतरी शेंदूर फासून ठेवलेला नुसता धोंडा, सगळ्यांपुढे तो थांबायचा, वाकायचा आणि ओठ हलवायचा. पाच मिनिटांच्या वाटेला त्याला अर्धा तास लागे. गाव म्हणे, असो भाविक गुरव आजूबाजूच्या धा गावांत नाय. हे कानावर आलं की भिकाजीला बरं वाटायचं.

तो ओठ हलवून काय म्हणतो ते मात्र फक्त त्याच्या बायकोला, सुभद्राला, ठाऊक होतं. पीक मागत नसे, पाऊस मागत नसे. 'आमच्या घराक वगळ,' एवढंच प्रत्येकाला सांगत जायचा. घराच्या चारही कोपऱ्यांत अंगाऱ्याच्या पुड्या पुरलेल्या होत्या. मुलगी कावेरी घराभोवतीच्या वईच्या बाहेर गेली की याचा जीव खालीवर. खाडी तर त्याने चौतीस वर्षांच्या आयुष्यात एकदाही ओलांडली नव्हती. सुभद्राच्या सख्ख्या भावाचं लग्न पलतडावर, खाडीच्या पलीकडच्या काठावरच्या एका गावात होतं, तेव्हा ऐन दिवशी त्याने पोटात दुखतंय म्हणून अंथरूण धरलं होतं.

सत्तावन्न साली मालवणहून देवी टोचणारा माणूस पेटी घेऊन गावात आला. टोचल्यावर दंड सुजतो, पोरं तापाने फणफणतात, असं भिकाजीने ऐकलं होतं. त्याने तीन वर्षांच्या कावेरीला भाताच्या रिकाम्या कणगीत बसवलं, वर सूप ठेवलं आणि घरापुढच्या खळ्यात येऊन सांगितलं, "चेडू आजोळाक गेलाहा." सुभद्रा दारात उभी होती. तिने त्याला खोटं पाडलं नाही, पण त्या दिवशी तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

पुढच्या चैत्रात पलतडावर देवी आल्या.

खाडीच्या पलीकडे आंबेखोलचंच काजूचं रान होतं आणि त्यात एकच घर, राधाबाईचं. नवरा मुंबईला गिरणीत होता, तो तिकडेच वारला. मूलबाळ नव्हतं. रान राखायचं, काजू गोळा करायचे आणि आठवड्यातून एकदा बाबलीच्या होडीतून गावात यायचं, असं तिचं चाललेलं. त्या आठवड्यात ती आली नाही. बाबली होडी घेऊन बघायला गेला, तर ती ओसरीवर पडलेली. तोंड, हात, सगळं फोडांनी भरलेलं. त्याने तिच्याजवळ पाण्याचा तांब्या ठेवला आणि तसाच परत येऊन सरळ दाजींकडे गेला.

दाजी म्हणजे गावचे मुख्य मानकरी. अशा वेळी त्यांनी स्वतःच्या मनाने काही ठरवायचं नसतं, देवाला विचारायचं असतं. सकाळीच सगळे रवळनाथाच्या मंडपात जमले. कौल लावायचा तो गुरवाने. गाभाऱ्यात एकट्याने जायचं, देवाच्या पाषाणावर पाण्याने फुलाच्या दोन पाकळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि प्रश्न घालायचा. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नको म्हणाला. आतल्या काळोखात काय घडतं ते बाहेरच्यांना दिसत नाही. गुरव सांगेल ते खरं.

"बा देवा रवळनाथा," भिकाजीने गाराणं घातलं, "पलतडार राधाबायच्या घरात देवी इलीहा. तिच्या मदतीक गावातल्या कोणी जावचा असात तर उजवो दी…"

"होय म्हाराजा," मंडपातून आवाज आला.

आणि उजवी पाकळी पडली. भिकाजीने पुढचं वाक्य उच्चारायच्याही आत ती सुटली आणि त्याच्या पायाशी येऊन पडली.

देवाने जा म्हटलं तर देवाचं तीर्थ घेऊन पहिल्याने गुरवानेच जायचं, ही रीत होती. भिकाजीच्या डोळ्यांपुढे एकदम सगळं आलं. होडी, खाडीचं पाणी, ओसरीवर पडलेली ती बाई, तिच्या अंगावरचे फोड, मग आपण परत आल्यावर मांडीवर येऊन बसलेली कावेरी, जिला त्याने कणगीत लपवलं होतं. देवाची भीती त्याला आयुष्यभर वाटत आली होती. त्या क्षणी मात्र तीही दुसऱ्या भीतीखाली दबून गेली. त्याने वाकून उजवी पाकळी उचलली, मुठीत धरली आणि अंगठ्याने डावी खाली ओढली.

"डावो दिल्यान," बाहेर येऊन तो म्हणाला. त्याचा आवाज कापत होता. लोकांना वाटलं, देवाच्या धाकाने कापतो आहे.

"परत एकदा लाव रे," बाबली म्हणाला.

"देवाक दोनदा विचारूचा नाय," दाजी म्हणाले, आणि लोक उठले.

दुसऱ्या दिवशी बाबली खळ्याशी येऊन सुभद्राला सांगून गेला की ओहोटीला पाणी मागे गेलं की राधाबाईची हाक अलीकडच्या काठावर ऐकू येते. पाणी मागते आहे. देवाने नको म्हटल्यामुळे तो तिकडे होडी नेत नव्हता, पण काठावरून त्याचा पायही निघत नव्हता.

तिसऱ्या दिवशी उजाडल्यावर सुभद्राने एका फडक्यात तांदूळ बांधले, जुनं लुगडं घडी करून घेतलं, कडुलिंबाचा डहाळा तोडून आणला. भिकाजी पडवीत बसून हे सगळं बघत होता.

"खंय चललंस?"

"पलतडाक."

"देवान डावो दिल्यान."

"माका म्हायत आसा." तिने गाठ घट्ट केली. "देव रागावलो तर माझ्यार रागावात. मी तेच्या पायार डोक्या ठेवतलंय, तो माका खंय टाकतलो? पण ती पाणी पाणी करताहा, ता माका ऐकवणा नाय."

"आणि चेडवाचा काय?"

"चेडवाक तुमी आसात. तुमच्यावर देव आसा."

सुभद्राला लहानपणी टोचलं होतं की नाही, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. दंडावर खूण नव्हती. तरी ती देवाची आज्ञा मोडते आहे अशा समजुतीने, त्याच्या रागाचं ओझं डोक्यावर घेऊन निघाली होती, आणि ते ओझं उतरवायला भिकाजीच्या तोंडचं एक वाक्य पुरलं असतं. देवाने उजवा दिला होता. एवढंच. पण ते बोलला असता तर तिच्याबरोबर त्यालाही होडीत बसावं लागलं असतं.

"अंगारो घेवन जा," तो म्हणाला.

तिने भक्तिभावाने अंगाऱ्याची पुडी घेतली, चिमूटभर कपाळाला लावला आणि ती वाटेला लागली. बाबलीने काही न विचारता होडी सोडली.

तेवीस दिवस ती पलतडावर राहिली. दाजींनी सांगितलंच होतं, गेलेली बाई देवाच्या हुकमाशिवाय गावात यायची नाही. भिकाजी रोज दुपारनंतर काठावर जायचा. तांदूळ, नारळ, काय असेल ते बाबली पलीकडच्या खडकावर ठेवून मागे फिरायचा, आणि मग सुभद्रा झाडांतून बाहेर येऊन उभी राहायची. मधे खाडी. मोठ्याने बोललं तर ऐकू जायचं.

"कावेरी जेवता?"

"जेवता."

"माझ्या नावान गाराणा घातलात?"

"घातलंय."

"देव काय म्हणता?"

"बघूया," भिकाजी म्हणायचा.

हे असंच रोज. ती विचारायची आणि तो 'बघूया' म्हणून खाली मान घालून घरी यायचा. घरी कावेरीची वेणी त्याला घालता येत नव्हती; केस ओढले गेले की ती रडायची. एकदा जेवताना तिने आईबद्दल विचारलं, "आवशीवर देव रागावलोहा?" त्याने "गप जेव" म्हणून तिच्या पानात भात वाढला, आणि स्वतः पानावरून उठला.

पंधराव्या दिवशी सुभद्राने पलीकडून सांगितलं की राधाबाईच्या खपल्या धरल्या, जीव वाचला. मग थोडं थांबून म्हणाली, "पण डोळे गेले. पयल्या दिसांत कोणी धुवक नाय. चिकटान बंद झालेले, मी इलंय तेव्हा उघडूकच येय नाय होते."

भिकाजी त्या दिवशी 'बघूया' म्हणालाही नाही.

सुभद्राला मात्र काही झालं नाही. तेविसाव्या दिवशी दाजींनी पुन्हा सगळ्यांना मंडपात बोलावलं. तिला गावात घ्यायची की नाही, ते देवाला विचारायचं होतं. भिकाजी गाभाऱ्यात गेला. पाकळ्या चिकटवल्या. हात जोडले. बाहेर माणसं गाराण्याची वाट बघत होती आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. याच जागी उभा राहून तो खोटं बोलला होता, आणि आता त्याच देवाला त्याच तोंडाने विचारायचं, माझी बायको परत येऊ दे काय? देवाने हो म्हटलं तरी बाहेर कोणाला सांगणार, आणि कोणत्या तोंडाने? पाकळ्या तशाच चिकटून राहिल्या. पाण्याचा ओघळ पाषाणावरून खाली आला आणि सुकला.

"काय झाला रे भिकाजी?" दाजींनी विचारलं.

तो बाहेर आला. मंडपाच्या खांबाला हात टेकून म्हणाला, "मागचो कौल उजवो होतो."

माणसं तशीच बसून होती. त्याला वाटलं, ऐकू गेलं नसावं. म्हणून त्याने पुन्हा सांगितलं. "देवान जावा म्हटलेल्यान. मी भियालंय. डावी पाकळी मी माझ्या हातान पाडलंय."

दाजी चटकन उठून त्याच्याजवळ आले आणि दंडाला धरून त्याला बाजूला घेऊ लागले. "गप ऱ्हव," ते हलक्या आवाजात म्हणाले. "एक कौल खोटो म्हटल्यार लोक सगळेच खोटे म्हणतले. आत जा, उजवो दिल्यान म्हणान सांग, बायलेक घरी घेवन ये. झाला."

सुटकेची वाट समोर आली होती आणि भिकाजीला ती क्षणभर गोडही वाटली. हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं. पण एव्हाना बाबली पुढे आला होता. तो रागावलेला नव्हता. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"मगे मी कित्याक थांबलंय रे?" तो म्हणाला. "दोन दिस मी तिची हाक ऐकत काठार बसलेलंय."

दाजींचा हात सोडवून भिकाजी म्हणाला, "होडी काढ. मी येतंय."

होडीत तो फळीला दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून बसला. पलीकडे उतरला. सुभद्रा काठावर आली होती. तिला वाटलं, देवाने परवानगी दिली. तिच्या तोंडावर तो आनंद बघितला आणि भिकाजीला सांगणं आणखीच जड झालं. तरी सांगितलं. वाळूतच उभं राहून, एका दमात.

सुभद्राने ऐकलं.

"रोज सांजवेळेक मी देवाची माफी मागत होतंय," ती म्हणाली. "आज्ञा मोडलंय म्हणान. रोज. आणि तुमी त्या कडेक उभे ऱ्हवून बघूया म्हणत होतात."

ती मोठ्याने बोलली असती, रडली असती, तर त्याला सोपं गेलं असतं. पण ती तशीच मागे वळली आणि घराकडे चालू लागली. तो मागोमाग गेला. ओसरीवर राधाबाई भिंतीला टेकून बसली होती. डोळ्यांवर ओलं फडकं. पावलं ऐकून तिने मान वळवली.

"कोण तो?"

"मी. भिकाजी गुरव." आणि त्याने तिलाही सांगितलं. सांगताना तो तिच्या समोर बसला होता, तिला दिसत नव्हतं, आणि तरीही त्याला तिच्याकडे बघवेना.

राधाबाईने बाजूची घागर हाताने चाचपली. मग म्हणाली, "घागर रिकामी आसा. वरच्या व्हाळार जावन भरून हाडशीत?"

त्याने घागर उचलली. तो ओढा वर चढावर होता. भरलेली घागर घेऊन उतरताना त्याला रडू आलं, तेव्हा तो वाटेत थांबला, घागर खाली ठेवून बसला आणि तोंड पुसून मग खाली आला.

देवळातली पूजेची पाळी त्याने चुलतभावाला देऊन टाकली. गावाने त्याला वाळीत टाकलं नाही. तसं केलं असतं तर कदाचित त्याला बरं वाटलं असतं. लोक बोलायचे, लग्नाकार्याला बोलवायचे, फक्त तो आला की कौलाचा विषय थांबायचा. सुभद्रा घरी आली, चूल पेटवली, संसार पुढे चालू झाला. ती त्या गोष्टीवरून त्याला कधी टाकून बोलली नाही. पण पूर्वी संध्याकाळी दिवा लावताना ती त्याला "या" म्हणून हाक मारायची, ती हाक बंद झाली. ती एकटीच दिवा लावून हात जोडायची. तो पडवीत बसून राहायचा.

पुढच्या वर्षी टोचणारा माणूस आला, तेव्हा भिकाजी कावेरीला घेऊन सगळ्यांच्या आधी पारावर जाऊन बसला.

राधाबाईला गावात येऊन राहायचं नव्हतं. रान तिच्या ओळखीचं होतं, हाताने चाचपत ती घरात सगळं करायची. पाणी तेवढं होत नसे. ते भिकाजी भरू लागला. दिवसाआड खाडी ओलांडायची, चार घागरी भरायच्या, लाकडं फोडून ठेवायची. कोणी म्हणालं, प्रायश्चित्त घेताहा. तो म्हणे, "प्रायश्चित्त कसला? पाणी तरी कोण भरतलो?" त्याची भीती काही गेली नव्हती. दर वेळी होडीत बसताना वाटायचं, आज नको. बाबली हसत नसे. नुसता हात पुढे करायचा. फरक एवढाच पडला होता की जाऊ काय, नको काय, हे त्याने कोणाला विचारायचं सोडलं होतं. होडी हलली की तो म्हणायचा, 'तू आसस.' त्यापुढे मागणं नाही. कित्येकदा तेवढं म्हणायचीही लाज वाटायची. ज्याला आपण खोटं पाडलं, त्याच्याच भरवशावर बसलो आहोत, असं वाटून तो पाण्याकडे बघत राहायचा.

अशी दहा वर्षं गेली. कावेरी सातवी पास झाली. गावातली शाळा तिथवरच होती. सुभद्राचा भाऊ आता मालवणात दुकान चालवत होता. त्याच्याकडे राहून तिने हायस्कुलात जायचं ठरलं. वईबाहेर गेली तरी ज्याचा जीव खालीवर व्हायचा तोच तिची ट्रंक डोक्यावर घेऊन तिला एसटीवर सोडायला निघाला.

फाट्यावर गाडीला वेळ होता. ट्रंकेवर बसून कावेरीने विचारलं, "बाबा, तुमका लोक डावो गुरव कित्याक म्हणतत?"

हे नाव गावात कधी पडलं ते कोणालाच आठवत नव्हतं. पोरंसुद्धा त्यामागचं कारण न कळता तसं म्हणायची आणि तो ओ द्यायचा. पण ती एक दिवस विचारील हे त्याला माहीत होतं, आणि उत्तरही त्याने दहा वर्षं मनात घोळवून ठेवलं होतं. तुझ्यासाठी केलं गो, तू लहान होतीस, तुला टोचलेलं नव्हतं. हे खोटंही नव्हतं. तिच्या तोंडाकडे बघताना मात्र त्याला कळलं की हे सांगितलं तर राधाबाईचे डोळे या पोरीच्या गळ्यात जातील आणि आपण आणखी एकदा सुटू.

"देवान उजवो कौल दिलेल्यान," तो म्हणाला. "राधाबायकडे जावा म्हणान. मी माझ्या जिवाक भियालंय आणि डावो सांगलंय. तिचे डोळे त्यामुळे गेले. तुझी आवस गेली म्हणान ती वाचली तरी."

"आवशीक म्हायत होता?"

"नाय. तिकाय सांगूक नाय होतंय."

कोणी नवाच माणूस शेजारी बसला आहे, तशी कावेरी त्याच्याकडे बघत होती. गाडी आली. कंडक्टरने ट्रंक वर चढवली. ती खिडकीशी बसली आणि समोर बघत राहिली. गाडी हलली तेव्हा भिकाजीने हात वर केला होता, पण तिला तो दिसला की नाही कळलं नाही. धूळ बसेपर्यंत तो उभा राहिला. 'फुडला माका सांगू नको,' तो मनात देवाला म्हणाला. 'तिका तुझ्याकडे दिलंय. माका काय कळाक नाय तरी चालात.'

घरी आल्यावर त्याने सुभद्राला कावेरीने काय विचारलं आणि आपण काय सांगितलं ते जसंच्या तसं सांगितलं. सुभद्रा तांदूळ निवडत होती, ती निवडतच राहिली.

बाराव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. भिकाजीने ते अक्षर अक्षर लावत वाचून दाखवलं. शाळा मोठी आहे, मामी जेवायला घालते, समुद्र घरातून ऐकू येतो. शेवटी लिहिलं होतं: 'मामाने विचारले की गावचे लोक बाबांना तसे का म्हणतात. मी माहीत नाही म्हणून सांगितले.'

भिकाजीने कार्ड खाली ठेवलं. चौदा वर्षांची पोर आपल्यासाठी खोटं बोलली. मालवणात, परक्या घरात, पहिल्याच आठवड्यात. तो उठून खळ्यात गेला, परत आला.

"तुमी काय लिवतलात?" सुभद्राने विचारलं.

शाळेच्या मास्तरांकडून त्याने कोरं कार्ड आणलं. लिहायची सवय नव्हती. चार ओळींना संध्याकाळ झाली. सुभद्राने दिवा लावला आणि तो त्याच्याजवळ आणून ठेवला. आम्ही खुशाल आहोत, राधाबाई बरी आहे, अभ्यास कर, असं लिहून झाल्यावर तो बराच वेळ टाक हातात धरून बसला. मग खाली लिहिलं: 'मामास खरे सांग. मी सांगितले तसेच सांग. माझे काही झाकू नको.'

त्याने ते सुभद्राला वाचून दाखवलं. तिने कार्ड हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं, जणू तिला वाचता येत होतं, आणि सकाळी टपालात टाकायला म्हणून कोनाड्यात ठेवलं.